शमूचं बोलावणं

माझ्या आईच्या मरणाची गोष्ट आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजून सांगतात. कुणाच्या घरी मूल गेलं, कुणाचा नवरा गेला, की सांत्वनाला जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी ती काढतेच. प्लेगात सगळी गल्ली पळाली तेव्हा ही बाई शेजारणीच्या उशाशी बसून राहिली, स्वर्गात आपला मुलगा वाट बघतोय याची तिला इतकी खात्री होती की जाताना तिच्या तोंडावर हसू होतं. मग सांगणारी माझ्याकडं बघते आणि म्हणते, "ही त्यांचीच मुलगी." मी मान खाली घालते. लोकांना तो माझा विनय वाटतो. मी बायबलबाई म्हणून इतकी वर्षं घरोघर फिरले, त्यात ही गोष्ट मी स्वतः किती अंगणांत सांगितली असेल याची गणती नाही. ती ऐकून माणसं उठून बसलेली, तोंड धुऊन दोन घास जेवलेली मी पाहिली आहेत. गोष्टीतलं सगळं घडलेलं आहे. सुरुवात तेवढी मी दर वेळी गाळते. ती ठाऊक असलेलं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, माझा भिवामामा, आणि तो गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याला माती देऊन परत आले त्या दिवसापासून मला घरात बसवेना. एकटीनं धरून ठेवायला ही वस्तू फार जड आहे, म्हणून लिहिते.

आमची खोली सोलापुरात गिरणीच्या मागच्या गल्लीत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, विणाई खात्यात कामाला होते आणि आमचं सगळं आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला अक्का चूल पेटवायची, दुसऱ्याला अप्पा दाराबाहेर पडायचे. भोंगा थांबला की दुसरा आवाज यायचा, भिंतीपलीकडच्या नरसम्माच्या घरातल्या हातमागाचा. नरसम्मा आणि तिचा नवरा तेलंगी पद्मसाळी, घरातच साड्या विणायचे. त्या मागाची खट-खट आमच्या भिंतीतून, जात्यातून, पाण्याच्या रांजणातून येत असे. मी त्या खट-खटीवर पाढे पाठ केले. वर माळवद होतं, मातीचं, जुनं. पावसाळ्यात त्यातून ओल झिरपायची आणि हिवाळ्यात रात्रभर उंदीर पळायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. अक्का म्हणायची, "पळू द्या की. त्येंचंबी घर हाय." जेवायला जवारीची भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी, इतकी कुटलेली की तेल सुटून तिचा गोळा व्हावा. रविवारी चर्चमधल्या भक्तीहून आल्यावर भात. माझे आईवडील अक्कलकोटकडचे. त्यांनी आमच्या जन्माआधी बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यापायी गाव सुटलं होतं. आईचा धाकटा भाऊ भिवामामा तेवढा आमच्याबरोबर राहत होता, गिरणीत ओझी वाहायला. त्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. मंडळीचे पाळकसाहेब दर वेळी विचारायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, "घेऊ की. थंडी सरू द्या, मग पाण्यात उतरतो."

मी आईला अक्का म्हणते आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल. मामा तिला अक्का म्हणे, अप्पाही बाहेरच्यांसमोर तिला अक्का म्हणत, नरसम्मा तिच्या तेलुगूत अक्काच म्हणे, गल्लीतला पाणक्यासुद्धा. जो शब्द घरात कानावर पडतो तोच मुलं उचलतात. माझ्या थोरल्या भावानं, शमूनं, तो आधी उचलला आणि त्याच्यामागून मी. मिशनच्या शाळेत मुलं "आई" म्हणतात हे ऐकल्यापासून मात्र अक्काच्या मनात ते राहून गेलं होतं. एकदा तिनं शमूला गुळाचा खडा दाखवला. "आई म्हन, मग दीन."

शमूनं हात पुढं केला. "आधी दे."

तिनं दिला. त्यानं तो गालात सारला, बराच वेळ चोखला आणि म्हणाला, "लई ग्वाड हाय गं, अक्का."

मामा हसून हसून लोळला. अक्काही हसली, पण तिनं गुळाचं मडकं उचलून वरच्या फळीवर ठेवलं ते मला आठवतं. शमूवर तिचा किती जीव होता हे मी इथं सांगत बसत नाही. तो बोलत असला की ती भाकरी थापायची थांबायची. मी बोलत असले की थापत राहायची. एवढं पुरे.

पाऊस सरता सरता शमूला मुदतीचा ताप आला. डोकं तापतं म्हणून डॉक्टरांनी त्याचे केस कापायला लावले. अक्कानं ते कातरीनं कापले आणि फडक्यात बांधून ठेवले. ताप उतरण्याच्या आधीच तो गेला. आमच्या लोकांत त्या काळी एक शिस्त होती. मयताला छाती पिटून, हेल काढून रडायचं नाही. ज्यांना पुढची आशा नाही त्यांनी तसं रडावं, आपल्याला आपलं माणूस परत भेटणार आहे, असं पाळकसाहेब शिकवत. अक्का कबरीपाशी कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. मंडळीतल्या बायकांनी तिचं कौतुक केलं. घरी आलो तर भिंतीपलीकडं नरसम्मा तेलुगूतून हेल काढून रडत होती, शमूचं नाव घेऊन, आमच्या वाट्याचंही सगळं. अक्का भिंतीला पाठ लावून ऐकत बसली. मामा अप्पांना म्हणाला, "दाजी, रडू द्या की तिला. तुमचा देव काय कान लावून बसलाय व्हय?" अप्पा तसे कमी बोलणारे. दुःख झालं की मागावर सूत नेणाऱ्या धोट्याचं लाकूड घेऊन ते काचेनं घासत बसायचे.

आठवड्यानं पाळकसाहेब भेटायला आले. अक्कानं त्यांना चटई टाकली, पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "साहेब, तितं त्यो मला वळकंल का?"

"तिथं आपण सगळे प्रभूला ओळखू, अक्का. मग दुसरं काही लागणार नाही."

"तसं न्हवं. मला. मला वळकंल का?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांना एका शब्दात सुटता आलं असतं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "तितकं स्पष्ट आपल्याला सांगितलेलं नाही. पण आशा धरायला हरकत नाही." पुढं मीही हेच काम केलं, तेव्हा त्यांच्या त्या टोपी फिरवण्याची किंमत मला कळली. अक्काला मात्र ती आशा म्हणजे नकारच वाटला. त्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं. चहा घेई, पाणी पिई, भाकरी समोर आली की आमच्याकडं सरकवी. मामा म्हणाला, "तू खाणार न्हाईस, तर मीबी खात न्हाय बघ," आणि बोलता बोलता सवयीनं त्यानं दीड भाकरी संपवली. मग लाजून उठून गेला. एरवी ती हसली असती. तिचे हात बारीक होत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. ती मरणार असं मला वाटू लागलं, आणि ते मी कुणालाच विचारू शकत नव्हते.

एका रविवारी भक्तीहून आलो. अप्पा मंडळीच्या कामाला मागं राहिले होते, मामा उंबऱ्यावर विडी ओढत होता. ताटात भात निवत पडला होता. अक्का रांजणापाशी बसून होती. मी आधी काही ठरवलं होतं, असं मला आजही म्हणता येत नाही. तोंडातून आलं.

"अक्का, शमूदादा दिसला मला."

तिनं मान वर केली. "सपनात?"

इथं मला थांबता आलं असतं. स्वप्न म्हटलं असतं तर ते स्वप्नाइतकंच राहिलं असतं. मी म्हणाले, "न्हाय. जागी हुते."

"कसा हुता?"

"पांढरा सदरा हुता."

"अंगात ताप?"

"न्हाय."

"केस?" तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"वाढलेत."

तिनं हात तोंडाशी नेला. मग विचारलं, "बोलला काय?"

आमच्या घरची बोली एक होती आणि देवाची दुसरी. पाळकसाहेब प्रार्थना करत ती, छापील पुस्तकांतली ती. स्वर्गात ही दुसरीच बोलत असणार याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून मी शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाले, "तो म्हणाला, 'आई कधी येणार?'"

बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं. शमूनं जन्मात तिला आई म्हटलं नव्हतं. अक्का माझ्याकडं टक लावून बघत होती. आता पकडली, आता कान धरून विचारणार, असं मला वाटलं.

"आई म्हणाला?" ती म्हणाली. "आई म्हणाला त्यो?" आणि पदर तोंडावर घेऊन ती रडायला लागली, पोर गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, हेल काढून, शिस्त-बिस्त सगळी विसरून. "तितं जाऊन शिकला गं माझा बाबा... तितं जाऊन म्हणाला..." पलीकडचा माग थांबला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, ताट ओढलं आणि तो गार भात सगळा खाल्ला. मी बघत बसले. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मामानं विडी विझवली. संध्याकाळी अंगणात मला एकटीला गाठून तो म्हणाला, "काय गं, शमू तितं जाऊन साळा शिकला वाटतं. लईच सुद्द बोलाय लागलाय." मी पळून गेले.

बातमी मंडळीत गेली. पाळकसाहेबांनी मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला; त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. अप्पा धोट्याचं लाकूड बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसायला लागले. आणि अक्का रोज विचारायची. दळताना, केस विंचरताना, पाण्याला जाताना. "आज दिसला?" मी कधी हो म्हणे, कधी नाही. रोज हो म्हटलं तर खोटं वाटेल एवढी अक्कल मला आली होती. तिथं त्याला तहान लागत नाही, तिथं भोंगा नाही, तिथं नरसम्माची मेलेली मुलगीही आहे, असं काय काय मी सांगितलं. याआधी मी बोलायचे तेव्हा ती जशी बघायची आणि आता जशी बघत होती, त्यात फार अंतर होतं. मी बोलू लागले की ती भाकरी थापायची थांबायची. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. पहिल्यांदा खोटं बोलले ते तिनं जेवावं म्हणून. पुढचं सगळं त्या नजरेसाठी.

एकदा ती म्हणाली, "आन् तू काय सांगितलंस त्याला? त्यो इचारतो, कधी येणार. तू काय म्हणतीस?"

"मी? काय न्हाय."

"आता दिसला तर सांग. म्हणावं, हितलं आवरून येती."

ती हे उन्हात बसून, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मला त्याचा अर्थ तेव्हा पुरता लागला नाही, पण हातातल्या सुपात मी बराच वेळ बघत राहिले हे आठवतं. त्यानंतर तिनं खरोखरच आवरायला घेतलं. दोन लुगडी मंडळीतल्या एका विधवेला दिली. मला भाकरी थापायला शिकवली. काठ चिरला की हातावर चापट. अप्पांचा सदरा कुठं फाटतो आणि कुठून शिवायचा ते दाखवलं. ती गाणी म्हणायची, नीट जेवायची, तिचे गाल भरले. शेजारीपाजारी म्हणायचे, बघा, श्रद्धा असली की माणूस कसं सावरतं. मलाही तसंच वाटायचं. फक्त कधीकधी ती काम करता करता एकदम थांबायची आणि दाराकडं कान द्यायची. दारात कुणी नसायचं.

हिवाळ्यात पहिला उंदीर पडला तो नरसम्माच्या माळवदातून, थेट मागावरच्या कापडात. तो दोन-तीनदा वळवळला आणि थंड झाला. दुसऱ्या दिवशी गटारीत चार सापडले. प्लेग या शब्दाचा उच्चार कुणी करेना; "उंदीर पडले" एवढंच लोक म्हणायचे आणि बोजे बांधायला लागायचे. गल्ली रिकामी होत गेली. गावाबाहेर माळावर लोकांनी तट्ट्यांच्या, पाल्याच्या झोपड्या घातल्या. रात्रभर माळवदात पळणारे पाय थांबले होते, आणि ती शांतता मला पळापळीपेक्षा वाईट वाटायची. शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर प्लेगची लस टोचायला बसले. हात सुजतो, ताप येतो, एका दिवसाचं काम बुडतं म्हणून अप्पा आज-उद्या करत होते, अक्का तर म्हणायचीच, "मला काय करायचंय ती सुई?" अप्पांनी आणि मामानं माळावर झोपडी बांधली. बोजे बांधून झाले त्या सकाळी पलीकडचा माग वाजला नाही.

नरसम्माला ताप होता आणि जांघेत गाठ. तिचा नवरा लहान पोरांना घेऊन माळावर गेला होता. पुढं तो रोज दुपारी यायचा आणि उंबऱ्याबाहेर हुलग्याच्या पातळ माडग्याचं गाडगं ठेवून उभा राहायचा, आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. अक्कानं आमच्या डोक्यावर बोजे चढवून दिले आणि म्हणाली, "तुमी व्हा फुडं. मी हिला बघून येती."

मामा ओरडला. "बघून येती म्हंजे? ही काय पडसं झाल्यालं हाय का? दाजी, सांगा की हिला!"

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचा माझ्या सांगण्यावर पूर्ण विश्वास होता. जिला असं बोलावणं आलेलं आहे तिला आडवं कसं जायचं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, "लवकर ये."

मामानं माझ्या दंडाला धरून मला पिंपळाच्या पारापर्यंत ओढत नेलं. "ह्ये बघ. मी कदी काय बोललो न्हाय. तुजं चालू दिलं, ती जेवत हुती म्हणून चालू दिलं. पर आता जा तिच्याकडं. सांग, शमू दिसला. सांग, त्यो म्हणतो, आत्ता येऊ नगंस. एवढं एक वाक्य. ती कुणाचं ऐकायची न्हाय, तुजं ऐकंल."

"मामा, पर—"

"पर काय? इतकी बोललीस, आनिक एक बोल!"

मी गेले. तोंडात वाक्य घोळवत गेले, "आत्ता येऊ नकोस, आत्ता येऊ नकोस," शुद्ध भाषेत. मामा मागं काही पावलांवर उभा राहिला. अक्का नरसम्माच्या दारातून घागर घेऊन बाहेर आली आणि मला बघून तिथंच थांबली. "लांब ऱ्हा गं," म्हणाली. मग माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल, कारण तिनं घागर खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत ती नजर आली. "दिसला व्हय? काय म्हणतो?"

मी ते वाक्य म्हटलं असतं तर ती नजर विझली असती. एवढंच कारण आहे. मी पुष्कळ वर्षं दुसरी कारणं शोधली, मी लहान होते, भ्याले होते, मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्यातलं थोडंथोडं खरंही असेल. पण त्या क्षणी मला ठाऊक होतं की मी काय बोलायला आले आहे, आणि मी म्हणाले, "वाट बघतोय."

अक्का हसली. घागर उचलून आत गेली. माझ्यामागं मामानं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

नरसम्माची गाठ फुटली आणि ती वाचली. पुढं ती बरीच वर्षं जगली. मला बघितलं की "अय्यो, अक्काची पोर" म्हणून गालावरून हात फिरवायची आणि मी तिचं दार चुकवून दुसऱ्या वाटेनं जायची. अक्काला ताप भरला तो नरसम्माच्याच घरात. मला उंबऱ्याच्या आत कुणी जाऊ दिलं नाही. दारातून मला तिचे पाय दिसत होते आणि मी मान उजवीकडं वळवली की तोंड. तापात ती मराठी विसरली. तिचं लहानपणाचं कानडी बोलायला लागली, आणि कुणी हाक मारल्यावर परसातून उत्तर द्यावं तसं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "बंदे... बंदे..." म्हणजे आले, आले. तिच्या तोंडावर हसू होतं. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत ती गेली.

मातीला चार-पाच पुरुष होते. पाळकसाहेब आले, तोंडाला फडकं न बांधता आले, आणि पुन्हा भेट होणार आहे असं त्यांनी सांगितलं. सगळे परत फिरले. मामा माझ्याजवळ आला. मला वाटलं मारणार. त्यानं हळूच म्हटलं, "तुला सांगितलं हुतं की गं." आणि तो तसाच, बोजा न घेता, गावाच्या वाटेला लागला. पुढं तो मला लग्नात भेटला, सणावारी भेटला, माझ्या मुलांना त्यानं खांद्यावर घेतलं. ते वाक्य त्यानं पुन्हा काढलं नाही आणि मीही नाही. त्यानं शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही. तो तिथं नसेल असं मला कुणी सांगू नये. मी पुष्कळांना पुष्कळ सांगितलं आहे, पण हे मी ऐकून घेणार नाही.

स्वर्गावर माझा विश्वास आहे का, असं हे वाचून कुणी विचारील. आहे. ज्या गोष्टीचा मी खेळ केला ती खरी आहे, म्हणूनच तर मला झोप येत नाही. मेलेल्यांची भेट होणार असेल तर माझीही होणार. अक्का समोर येईल, आणि मला काहीतरी बोलावं लागेल. रडणाऱ्या घरात बसून मी जेव्हा म्हणते की तुमचं माणूस तुम्हाला परत भेटेल, तेव्हा त्या घरात सगळ्यांत जास्त विश्वासानं आणि सगळ्यांत जास्त भीतीनं ते मीच ऐकत असते.

माळावरच्या झोपडीत अप्पा आणि मी उरलो. गिरणी बंद होती, भोंगा नव्हता. वारा तट्ट्यांतून सूं-सूं करत यायचा. अप्पा दोन दिवस आडवे पडून होते. मी काही शिजवलं तर बोटानं चिवडायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांनी सुई अजून घेतली नव्हती. तिसऱ्या सकाळी ते उठून बसले, माझ्याकडं सरकले आणि कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाले, "ती दिसती का गं तुला?"

मी वर पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांत मला ती नजर दिसली. अगदी तीच. पलीकडच्या झोपडीत कुणाचं तरी पोर खोकत होतं.

"न्हाय," मी म्हणाले.

"अजून पोचली नसंल." ते थांबले. "शमू?"

"त्योबी न्हाय, अप्पा."

"काय म्हणत न्हाईत? मला काय... कुणीच न्हाय?"

"न्हाय. कुणीच काय म्हणत न्हाय."

आणखी बोलायला हवं होतं. कधीच काही दिसलं नव्हतं, हे वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं. पुढं अप्पा म्हातारे होऊन गेले तोवर ते गिळलेलंच राहिलं. अप्पा झोपडीच्या तोंडातून बाहेर बघत बसले, माळावरून शहराकडं, जिथं गिरणीची चिमणी धुराशिवाय उभी होती. मला वाटलं ते पुन्हा आडवे होणार.

"म्हंजे मला कुणी बोलावत न्हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर दुःख होतं की सुटका, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी कोपऱ्यातला पटका घेतला, झटकला, डोक्याला गुंडाळला. "चल."

आम्ही शाळेच्या व्हरांड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत माझा हात त्यांनी धरला होता, मी लहान असताना धरायचे तसा, मनगटाशी. रांगेत फार माणसं नव्हती. टेबलाशी बसलेल्या कंपाउंडरनं वर न बघता विचारलं, "घरात किती माणसं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. कंपाउंडरनं मान वर केली.

"दोन," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी बाही वर केली.